लुडविग बोल्ट्झमन

ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ऐरोली, रबाळे व महापे या भागांत डेटा सेंटरच्या मोठमोठ्या इमारती दृष्टीस पडतात. त्यांतील संगणक अहोरात्र हिशेब करीत असतात, आणि त्यांना पुरविलेली बहुतेक सर्व वीज अखेरीस उष्णता होऊन बाहेर पडते. ती उष्णता हटविण्यासाठी पुन्हा निराळी वीज लागते. कुशल अभियंत्यांनी हा खर्च पुष्कळ कमी केला आहे. तथापि तो मुळीच नाहीसा का होत नाही, याचे बीज ज्यांच्या संशोधनात आहे त्या थोर शास्त्रज्ञाची ओळख आम्ही आमच्या विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस येथे करून देत आहोत.

लुडविगचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. वडील करखात्यात नोकरीस होते. तो पंधरा वर्षांचा असतानाच त्याचे पितृछत्र हरपले. परंतु विद्याभ्यासात खंड पडला नाही. १८६६ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी त्यांनी संपादन केली, आणि अवघ्या २५ व्या वर्षी ते ग्राट्झ येथे प्राध्यापक झाले. त्यांची दृष्टी अधू होती; पियानोवादनाची मात्र त्यांना मोठी आवड होती.

ऊन चहा आपोआप निवतो, पण निवलेला चहा आपोआप ऊन होत नाही. असे का व्हावे? १८७७ मध्ये बोल्ट्झमन यांनी याचे उत्तर संख्यांच्या आधारे दिले. दहा पांढरे व दहा तांबडे मणी एका ओळीत मांडण्याच्या १,८४,७५६ रीती आहेत. त्यांपैकी सर्व पांढरे एकीकडे व सर्व तांबडे दुसरीकडे अशा रीती केवळ २. म्हणून मणी हालविले की ते मिसळतात. पुन्हा वेगळे होणे जवळजवळ अशक्य. पदार्थांतील अणूंची संख्या तर मोजदादीपलीकडची. यास्तव सृष्टीतील अव्यवस्था वाढत जाते. शक्तीचा नाश होत नाही हे खरे. पण ती विखुरते, आणि विखुरलेल्या शक्तीकडून काम करून घेता येत नाही.

हा सर्व विचार अणूंच्या अस्तित्वावर उभा होता, आणि अणू तर कोणी पाहिलेला नव्हता! माख व ओस्टवाल्ड यांसारख्या नामांकित विद्वानांनी अणूंची कल्पनाच अमान्य केली. बोल्ट्झमन यांनी वर्षानुवर्षे आपला पक्ष धैर्याने मांडला. पुढे प्रकृती ढासळली, मनास खिन्नतेने घेरले, आणि ५ सप्टेंबर १९०६ रोजी दुइनो या गावी त्यांचा दुःखद अंत झाला. अवघ्या दोन वर्षांनी, १९०८ मध्ये, फ्रान्समधील पेरँ यांनी सुरू केलेल्या सूक्ष्म प्रयोगांनी अणूंचे अस्तित्व सर्वमान्य झाले. ओस्टवाल्ड यांनीही ते मान्य केले; ते पाहण्यास बोल्ट्झमन मात्र उरले नव्हते.

त्यांच्या नियमाची व्याप्ती पुढे संगणकापर्यंत पोहोचली. १९६१ मध्ये रॉल्फ लँडॉर यांनी असे प्रतिपादन केले की, पाटीवरील आकडा पुसावा तशी संगणकाच्या स्मृतीतील माहिती पुसली, तर ठरावीक किमान उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. तिचे मान बोल्ट्झमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थिरांकावर व भोवतालच्या तापमानावर अवलंबून असते. गारवा जितका अधिक, तितका हा खर्च कमी.

मग सर्व विश्वच थंड होत गेले तर? विश्व प्रसरण पावत आहे, आणि त्यात सर्वत्र भरलेल्या प्रारणाचे तापमान आज निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे २.७ अंश इतकेच आहे. ते आणखी उतरत जाईल. तेव्हा शक्ती राखून ठेवावी व दूरच्या भविष्यात स्वस्तात अगणित हिशेब करावेत, असे कोणास वाटेल. परंतु हे प्रसरण अधिकाधिक वेगाने होत असल्याचे १९९८ मध्ये दिसून आले. त्यामुळे दूरच्या दीर्घिका आपल्या आवाक्याबाहेर निसटत आहेत. त्यांतील शक्ती आपल्या हाती कधीच येणार नाही. शिवाय अशा विश्वाचे तापमान अत्यल्प झाले तरी पुरते शून्य होत नाही, असे सिद्धांत सांगतो. सारांश, भांडवल मर्यादित आणि माहिती पुसणाऱ्या प्रत्येक हिशेबास थोडे तरी मोल. मग अशा एकंदर हिशेबांसही सीमा आलीच.

व्हिएन्ना येथे बोल्ट्झमन यांच्या समाधीवर अव्यवस्थेचे त्यांचे सूत्र कोरलेले आहे. विश्वाच्या संपत्तीस मर्यादा आहे हे त्या लहानशा सूत्राने शिकविले. ज्याने ते शोधिले त्यास आपल्या श्रमाचे फळ पाहावयास मिळाले नाही; तथापि त्याच श्रमावर आज आपल्या शेजारच्या इमारतींतील विजेचा हिशेब उभा आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी दिव्याचे बटन बंद करिताना या पुरुषाचे एकवार स्मरण करावे.