ज्या फियाटने नोकरी नाकारली, तिलाच पन्नास वर्षांनी अर्धी कंपनी विकली : गोष्ट एन्झो फेरारीची

2002 साली सचिन तेंडुलकरला लालभडक फेरारी भेट मिळाली. चावी हातात दिली मायकेल शूमाकरने. गाडीचं मॉडेल होतं 360 मोडेना.

पण ही भेट दिली होती फियाटने. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे घराघरांत माहीत झालेली तीच फियाट. आता फियाटने फेरारी का द्यावी? कारण तोवर फेरारीची मालकी फियाटकडे गेली होती. आणि या व्यवहाराची सुरुवात झाली होती एका नकारापासून.

मोडेना हे उत्तर इटलीतलं शहर. तिथे 1898 साली एन्झो फेरारीचा जन्म झाला. वडिलांचं लोखंडी कामाचं छोटं वर्कशॉप होतं. एन्झो दहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला बोलोन्याला मोटारींची रेस बघायला नेलं आणि पोराच्या डोक्यात वेग शिरला तो कायमचा.

पुढे पहिलं महायुद्ध सुरू झालं. 1916 मध्ये वडील गेले, त्याच वर्षी थोरला भाऊही गेला. एन्झो सैन्यात भरती झाला, पण काम मिळालं खेचरांना नाल ठोकायचं. तिथे तो इतका आजारी पडला की सैन्याने त्याला घरी पाठवलं.

1918 च्या हिवाळ्यात तो शिफारसपत्र घेऊन तुरिनमधल्या फियाटच्या ऑफिसात गेला. युद्धावरून परतलेल्या सगळ्यांनाच नोकरी देता येणार नाही, म्हणून त्याला परत पाठवलं. वीस वर्षांचा एन्झो तिथल्या बागेतल्या बाकावर बसून रडला. हा अपमान तो आयुष्यभर विसरला नाही.

मग एका छोट्या कंपनीत टेस्ट ड्रायव्हरची नोकरी मिळाली. 1919 मध्ये तो पहिली रेस धावला. 1920 पासून अल्फा रोमिओसाठी गाडी चालवू लागला. 1923 मध्ये त्याने रावेन्नाजवळची एक रेस जिंकली आणि तिथे त्याची ओळख बाराक्का कुटुंबाशी झाली. त्यांचा मुलगा फ्रान्चेस्को हा युद्धात मारला गेलेला नामांकित वैमानिक. त्याच्या विमानावर उधळलेला काळा घोडा रंगवलेला असायचा. तो घोडा शुभ म्हणून गाडीवर लाव, असं त्याच्या आईने एन्झोला सुचवलं. आज फेरारीवर दिसतो तो हाच घोडा. मागचा पिवळा रंग मोडेना शहराचा.

1929 मध्ये एन्झोने ‘स्कुदेरिया फेरारी’ ही टीम काढली. ही टीम अल्फाच्याच गाड्या पळवायची. 1932 मध्ये मुलगा डिनो झाला आणि एन्झोने स्वतः रेस धावणं बंद केलं. 1939 मध्ये अल्फाशी बिनसलं. तो बाहेर पडला, पण अट होती की चार वर्षं रेसिंगमध्ये फेरारी हे नाव वापरायचं नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्याने कारखाना मोडेनाजवळच्या मारानेल्लोला हलवला. त्यावर बॉम्ब पडले. तो त्याने पुन्हा उभा केला आणि 1947 मध्ये फेरारी नावाची पहिली गाडी बाहेर काढली, 125 एस. इंजिन फक्त दीड लिटरचं, पण सिलिंडर बारा!

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बाकीच्या कंपन्या गाड्या खपाव्यात म्हणून रेसमध्ये उतरायच्या. एन्झोचं उलटं होतं. रेसला पैसा लागतो, म्हणून तो श्रीमंतांना गाड्या विकायचा.

1949 मध्ये फेरारीने फ्रान्समधली ल मान्सची 24 तासांची रेस जिंकली. त्यातले 22 तासांहून जास्त वेळ गाडी एकट्या लुइजी किनेत्तीने चालवली. याच किनेत्तीने अमेरिकेत फेरारीची विक्री उभी केली. युद्धानंतर युरोप कंगाल झाला होता, पैसा होता अमेरिकेत. रविवारी जिंकलेल्या गाडीची भावंडं तिथले उद्योगपती आणि सिनेमावाले घेऊ लागले. गाड्या मोजक्याच बनायच्या, त्यामुळे किंमतही टिकायची आणि रुबाबही. महागड्या स्पोर्ट्स कारचा बाजार आजही याच हिशोबावर चालतो.

पण याची किंमत भयंकर होती. 1956 मध्ये डिनो स्नायूंच्या असाध्य आजाराने गेला, वय अवघं 24. 1957 च्या मिले मिलिया रेसमध्ये फेरारीचा टायर फुटला. दोन्ही चालक आणि नऊ प्रेक्षक मेले, त्यात पाच लहान मुलं होती. एन्झोवर मनुष्यवधाचा खटला चालला, 1961 मध्ये तो निर्दोष सुटला. दरम्यान त्याचे ड्रायव्हर एकामागून एक जात होते. व्हॅटिकनच्या वर्तमानपत्राने तर त्याची तुलना स्वतःची पोरं गिळणाऱ्या रोमन देव सॅटर्नशी केली. तरीही रेस थांबली नाही.

खर्च मात्र झेपेना. 1963 मध्ये अमेरिकेची फोर्ड फेरारी विकत घ्यायला आली. सगळं जुळलं, पण रेसच्या बजेटवर शेवटचा शब्द फोर्डचा राहणार, हे कळताच एन्झोने व्यवहार मोडला. फोर्डने सूड घेतला. 1966 च्या ल मान्समध्ये पहिले तिन्ही नंबर फोर्डचे आले. त्याच 1963 मध्ये फेरारीच्याच एका ग्राहकाने, ट्रॅक्टर बनवणाऱ्या फेरुचिओ लॅम्बोर्गिनीने, शेजारीच स्वतःची स्पोर्ट्स कार कंपनी काढली.

शेवटी 1969 मध्ये एन्झोने अर्धी कंपनी विकली. कुणाला? फियाटला! रस्त्यावरच्या गाड्यांचा कारभार फियाटने बघायचा, रेसिंग मरेपर्यंत एन्झोच्या हातात राहणार, असं ठरलं. जिने पन्नास वर्षांपूर्वी दारातून परत पाठवलं, तिच्याच पैशावर त्याची टीम पळू लागली.

14 ऑगस्ट 1988 ला वयाच्या नव्वदीत एन्झो गेला. त्यानंतर कंपनीतला फियाटचा वाटा 90 टक्क्यांवर गेला, उरलेले 10 टक्के धाकटा मुलगा पिएरोकडे राहिले.

त्या वर्षी फॉर्म्युला वनच्या 16 पैकी 15 रेस मॅक्लारेनने जिंकल्या. हरली ती फक्त एक. एन्झोच्या मृत्यूनंतर चार आठवड्यांनी इटलीतल्या मोंझाला झालेली. तिथे पहिला आणि दुसरा, दोन्ही नंबर फेरारीचे होते.