अब्दुल करीम खाँ: तबकडीत उरलेला सूर

तंबोऱ्याची जवारी नीट लागली की मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वरही झंकारतात. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (1872-1937) या झंकारातच सूर मिळवत. कैराण्यात जन्मलेला हा गवई पुढे मिरजकर झाला. देवल आणि क्लेमेंट्स यांच्या श्रुतींच्या प्रयोगांतही त्यांचा गळा कामी आला.

1905च्या सुमारास त्यांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात गायचे, त्याच्या टोकाचा पडदा थरथरायचा आणि सुई मेणावर रेघ कोरायची. साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उतरतच नसे. म्हणजे गाणे उतरे, झंकार मागे राही. 1930च्या दशकात ओडियनसाठी ते मायक्रोफोनपुढे गायले. आता दुपटीएवढे उंच ध्वनी उतरले, पण वेळ तोच, जेमतेम तीन मिनिटे! तासाभराचा राग त्यात मावणार कसा? खाँसाहेबांनी त्यातही आलापीचा ठहराव सोडला नाही, हे विशेष.

27 ऑक्टोबर 1937 रोजी पाँडिचेरीच्या प्रवासात, सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर ते गेले.

त्या तबकड्या आज संगणकावर घेताना निवड पुन्हा करावी लागते. एमपी3 कानाला न जाणवणारे ध्वनी गाळते. पण जुनी खरखर सहजी दाबली जात नाही, तीच जागा खाते. बिटरेट कमी ठेवला तर तंबोऱ्याचा झंकार आधी जातो. काहीच न गाळणाऱ्या फ्लॅकमध्ये मूळ प्रत ठेवावी. मोबाइलवर ऐकायला एमपी3 चालेल.