ऊतींचे पारखी : डॉ. कार्टर

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असेल. उर्दूत आपण या यंत्राला खुर्दबीन म्हणतो. पहिल्यांदा डोळा लावला, की फारसे काही समजत नाही. कोणी हवेच्या बुडबुड्यालाच पेशी समजतो. पाहणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. हे ज्यांच्या जीवनातून कळते, त्या डॉ. हेन्री वँडाइक कार्टर यांची ओळख आज करून घेऊ.

त्याआधी एक शब्द नीट समजून घ्या. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला मराठीत ऊती आणि उर्दूत नसीज म्हणतात. दोन्ही शब्दांच्या मुळाशी विणणे हाच अर्थ आहे. आपले शरीर चार प्रकारच्या ऊतींनी विणलेले आहे. अभिस्तर ऊतीतील पेशी फरश्यांसारख्या एकमेकींना चिकटून असतात. संयोजी ऊतीत त्या विखुरलेल्या असतात. स्नायू ऊतीतील पेशी लांब असतात, तर चेता ऊतीतील पेशींना फांद्या फुटलेल्या दिसतात. या खुणा डोळ्यांत बसल्या, की ऊती ओळखता येते.

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील हल या शहरात झाला. त्यांचे वडील चित्रकार होते. त्यामुळे चित्रकला मुलाच्या हातात लहानपणीच आली. १८४८ साली ते वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेले. पुढे तेथील शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजात त्यांना क्वेकेट या नामांकित सूक्ष्मदर्शक-तज्ज्ञांच्या हाताखाली काम मिळाले. शरीराच्या भागांचे अतिशय पातळ काप काढायचे, ते काचपट्टीवर ठेवायचे, तासन्‌तास निरखायचे आणि जे दिसेल तेच कागदावर उतरवायचे, असा त्यांचा अभ्यास चाले. चित्र काढताना चूक झाली, तर आपण नीट पाहिले नाही हे लगेच कळे.

याच काळात हेन्री ग्रे नावाचे डॉक्टर शरीररचनेवर एक ग्रंथ लिहीत होते. त्यातील जवळजवळ सर्व चित्रे कार्टर यांनी काढली. ती साडेतीनशेहून अधिक होती. छपाईसाठी ती लाकडी ठोकळ्यांवर उलटी काढावी लागत. १८५८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. पण कार्टर यांना एकदाच दीडशे पौंड मिळाले. एवढेच नव्हे, तर ग्रे यांनी त्यांचे नाव लहान अक्षरांत छापायला लावले. एखादा माणूस यामुळे खचून गेला असता. कार्टर मात्र ग्रंथ बाहेर येण्यापूर्वीच मुंबईला निघून आले होते आणि नव्या कामाला लागले होते.

मुंबईत ते ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवू लागले. जवळच्या जे. जे. रुग्णालयात त्यांना एक विचित्र रोग दिसला. अनवाणी चालणाऱ्या गरीब माणसांचे पाय सुजत, त्यांना छिद्रे पडत आणि त्यांतून बारीक दाणे बाहेर येत. शेवटी अनेकांचा पाय कापावा लागे. कार्टर यांनी रोगट भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. निरोगी ऊती त्यांना पाठ होती. म्हणूनच त्या दाण्यांमधील धागे शरीराचे नाहीत, ती बुरशी आहे, हे त्यांनी ओळखले. या रोगाला त्यांनी मायसेटोमा हे नाव दिले. त्याचे काही प्रकार बुरशीमुळे, तर काही जिवाणूंमुळे होतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. काटा रुतल्यास हे जंतू शरीरात शिरू शकतात. म्हणून शेतात जाताना पायांत चपला असाव्यात.

१८६३ ते १८७२ या काळात कार्टर साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. कोल्हापूरहून पुण्याला जाताना लागणारे हेच ते सातारा! कुष्ठरोग हा त्यांच्या अभ्यासाचा मोठा विषय होता. कुष्ठरोग्यांना त्या काळी समाज दूर लोटत असे. कार्टर यांनी मात्र या रोगाने मज्जातंतूंवर होणारा परिणाम अभ्यासला. पुढे ते नॉर्वेपर्यंत गेले. कुष्ठरोगाचे जंतू शोधणारे हान्सेन यांचे काम त्यांनी तेथे जाणून घेतले.

१८७७ साली मुंबईत उलटून उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. कार्टर यांनी रोग्यांच्या रक्तात नागमोडी आकाराचे जंतू शोधले. या तापावरील त्यांचा ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे तीस वर्षे भारतात काम करून १८८८ साली ते मायदेशी परतले. ४ मे १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, इचलकरंजीचा मुरलेला विणकर थानावरून नजर फिरवतो आणि चुकलेला धागा नेमका दाखवतो. कारण चांगली वीण कशी असते, हे त्याने हजारदा पाहिलेले असते. कार्टर यांचेही तसेच होते. आता प्रयोगशाळेत जाल तेव्हा घाई करू नका. काचपट्टी नीट निरखा आणि मगच वहीत आकृती काढा. पुस्तकातील आकृती पाहून नव्हे, तर तुमच्या डोळ्यांना दिसेल तीच!