पन्नास रुपयांचे शील

पंचशील तोंडपाठ करणे सोपे. पगार, संसार आणि श्रेय यांच्या रोजच्या व्यवहारात ते सांभाळणे कठीण. धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र आजही वाचनीय वाटते, ते या कठीण भागामुळेच.

१८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या कोसंबींना एका बालमासिकातील बुद्धचरित्राने झपाटले. १८९९ मध्ये पत्नी आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते ज्ञानार्थ बाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपी पोचले आणि तेथे पाली शिकले. या विद्येची मोठी किंमत घरी राहिलेल्या बाळाबाईंनी मोजली, हे चरित्रकाराला नजरेआड करता येणार नाही. करुणेच्या साधकाचेही घराकडे देणे उरतेच. १९०६ मध्ये परतल्यावर कोसंबींनी संसाराचा भार पुन्हा उचलला.

त्यानंतर कलकत्त्यात पाली शिकविण्यासाठी दरमहा २५० रुपयांची जागा त्यांच्यापुढे होती. सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले. कोसंबींनी ५० रुपये पत्करले. बुद्धाचा विचार मराठी माणसाच्या दारी पोचवावयाचा, हे त्यांनी ठरविले होते. उपजीविका त्या कार्याला अनुरूप हवी होती. सम्यक आजीव म्हणतात तो हाच.

मात्र हा निर्लोभी माणूस दुबळा नव्हता. १९१० मध्ये ‘विशुद्धिमार्गा’च्या संपादनासाठी ते हार्वर्डला गेले. तेथे श्रेयाच्या प्रश्नावर प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद होताच काम अपुरे ठेवून ते परतले आणि १९१२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. यात विसंगती नाही. पैसा त्यांचा होता, तो सोडण्याचा अधिकार त्यांना होता. काम कोणी केले हा प्रश्न सत्याचा होता. तेथे मौन म्हणजे असत्याला संमती ठरली असती. पुढे त्यांनी ते काम पुन्हा हाती घेतले. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले; पुढे परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले.

शाळेत वा कचेरीत काम करणाऱ्याला विहारात जाण्यास सवड नसेल. पण दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव न घालणे आणि आपल्या कामाला साजेल तेवढ्यावर भागविणे, एवढे शील दहा ते पाच या वेळातही पाळता येते.