माणसांची पारख आणि मालकाची जोखीम

जोगेश्वरी-अंधेरीच्या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षे घडत आली आहे. लेथ चालू असतो, अनुभवी फोरमन चार हातांवरून नुसता आवाज ऐकतो आणि यंत्र थांबवावयास सांगतो. बेअरिंग गेले आहे हे त्याला कळलेले असते; कशावरून कळले, हे मात्र त्याला नीट सांगता येत नाही. यंत्राच्या बाबतीत हे कळणे आपण निमूटपणे मान्य करतो. प्रश्न येतो तो माणसांच्या बाबतीत. कोणाला कामावर घ्यावे, कोणाच्या हाती किल्ल्या द्याव्यात, कोणाची चूक पोटात घालावी, हे निर्णय प्रमुखाने आपल्या आतल्या आवाजावर घ्यावेत काय? एक पक्ष म्हणतो की नेतृत्व म्हणजे अशी उत्स्फूर्तताच होय. दुसरा म्हणतो की अशा उत्स्फूर्ततेच्या नावाखाली केवळ लहर आणि वशिला चालतो. दोन्ही पक्षांनी अभ्यासावे असे एक चरित्र महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासात आहे. ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. १८८५ मध्ये थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधारावर ते मुंबईस आले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी एक कटू सत्य पुढे आले: त्यांना काही रंगांतील भेद ओळखू येत नव्हता. चित्रकाराचे भवितव्य तेथेच संपले. परंतु रंग गेले तरी रेषा हाती राहिली होती. त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास चालू ठेवला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय ते शिकवू लागले. यंत्राचे चित्र काढणाऱ्याला प्रत्येक भाग कशासाठी आहे आणि तो दुसऱ्या भागाला कोठे भिडतो, हे कळल्यावाचून रेषा ओढता येत नाही. लक्ष्मणरावांच्या पुढील आयुष्यातील झटपट निर्णयांना ज्यांनी केवळ दैवी प्रतिभा मानले, त्यांनी ही आरेखनाच्या फळ्यावरची वर्षे हिशेबात धरलेली नाहीत.

१८८८ मध्ये या बंधूंनी सायकलींचा व्यापार सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, अशी वाटणी होती. नोकरी करीत हा उद्योग चालला. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा सुरक्षित पगार सोडून ते बेळगावला परतले. तेथे कडबा कापण्याची यंत्रे आणि त्यानंतर लोखंडी नांगर तयार होऊ लागले.

या नांगराची हकीकत आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. येथे दोन अंतःप्रेरणा समोरासमोर उभ्या होत्या. नांगर चालणार, ही कारखानदाराची. आणि तो घातक ठरणार, ही शेतकऱ्याची. शेतकऱ्याला अडाणी म्हणून हा प्रश्न निकालात काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. त्याच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. मात्र तो अनुभव लाकडी नांगराचा होता. नव्या वस्तूला जुनी पारख लागू पडली नाही. शिवाय एक हंगाम बुडाला तर भुकेला कोण जाणार होते? शेतकऱ्याचे कुटुंब. ज्याच्या अंगावर नुकसान येणार आहे त्याने सावध राहणे यात अर्थशास्त्राच्या दृष्टीने काहीच वावगे नाही. लक्ष्मणरावांनी या नकाराचा अर्थ ओळखला आणि तो पचवला. तोटा स्वतः सोसत ते थांबले. शेवटी वाद मिटवला तो जमिनीनेच.

१९१० साल उजाडले ते संकट घेऊन. बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडावयास लावली. कारखाना उभा होता, कारागीर होते, परंतु पायाखाली जमीन नव्हती. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे लक्ष्मणरावांना ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर जागा आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. राजाने काय पाहून हे कर्ज दिले असेल? तारण म्हणावे असे लक्ष्मणरावांपाशी फारसे नव्हते. भवानराव स्वतः चित्रकार होते. माणसाच्या हातातील काम पाहून माणूस ओळखण्याची दृष्टी त्यांना होती. किर्लोस्करवाडीचा जन्म असा एका माणसाने दुसऱ्यावर टाकलेल्या विश्वासातून झाला.

जागा मिळाली ती निवडुंगाने भरलेल्या, सापांचा सुळसुळाट असलेल्या माळावर. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे गेले. त्यांनी आपल्याभोवती जी माणसे जमवली त्यांची यादी आजच्या कोणत्याही निवड समितीला बुचकळ्यात टाकील. गावाची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांकडे. यंत्रांची जबाबदारी शंभूराव जांभेकरांकडे. मंगेशराव रेगे हे मुख्य कारकून आणि हिशेबनीस. के. के. कुलकर्णी हे पडेल ते काम निभावणारे. आणि अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले गृहस्थ. परंतु त्यांच्या कल्पकतेने कारखान्याला एक अव्वल यंत्ररचनाकार मिळाला. प्रमाणपत्र पाहून निवड करावयाची असती तर फळणीकरांचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळाला असता.

सर्वांत धाडसी निवड मात्र कारखान्याच्या वेशीवर झाली. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या दोघांची दरोडेखोर म्हणून त्या मुलखात दहशत होती. लक्ष्मणरावांनी त्यांनाच वसाहतीचे राखणदार नेमले आणि दोघांनीही तो विश्वास सार्थ केला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात माणसांच्या जन्मावरूनच त्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला जात होता आणि तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. त्या काळात शिक्क्यापलीकडचा माणूस पाहणे सोपे नव्हते. वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही हा लक्ष्मणरावांचा दंडकही याच दृष्टीतून आलेला होता. पुढे १९३९ मध्ये याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतीविना तुरुंगाचा प्रयोग सुरू झाला आणि त्याच्या प्रेरणेने व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ मध्ये आला. चित्रपट सर्वांच्या स्मरणात आहे. त्या आधी कित्येक वर्षे एका कारखान्याच्या कुंपणावर तेच तत्त्व रोजच्या पहाऱ्यात उतरले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मग हे सारे केवळ उपजत शहाणपण होते काय? १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले, त्या हर्बर्ट सायमन यांनी या प्रश्नाचा आयुष्यभर विचार केला. बुद्धिबळातील निष्णात खेळाडूला पटावरचा डाव क्षणभर दाखवला तर तो जवळजवळ जसाच्या तसा मांडून दाखवतो. मात्र सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या तर त्याची स्मृती नवशिक्यापेक्षा फारशी सरस ठरत नाही, असे १९७३ मधील त्यांच्या व विल्यम चेस यांच्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे स्फुरण हे बहुतांशी ओळखणे असते. पूर्वी अनेकदा पाहिलेले पुन्हा दिसले की मन त्याला झटकन नाव देते. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या एरवी परस्परविरोधी मतांच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकत्र बसून याला एक अट जोडली. जेथे परिस्थितीत काही नियमितपणा आहे आणि आपला निर्णय बरोबर ठरला की चूक, हे माणसाला वेळेवर कळते, तेथेच अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवावा. अंतःप्रेरणा किती ठामपणे वाटते, हा तिच्या खरेपणाचा पुरावा नव्हे.

ही अट किर्लोस्करवाडीने आपोआप पुरी केली होती. मालक आणि कामगार एकाच माळावर राहत होते. सकाळी नेमलेल्या माणसाचे काम संध्याकाळी डोळ्यांसमोर येई. चुकीची निवड झाली तर तिचे फळ मालकाच्याच ताटात पडे. तुकाराम आणि पिऱ्या यांनी दगा दिला असता तर पहिले नुकसान लक्ष्मणरावांचेच झाले असते, कारण त्यांचे घर आणि कारखाना त्याच कुंपणाच्या आत होता. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर संस्थानातील किल्ल्यांवर पडलेल्या जुन्या तोफा मिळवून त्यांच्या धातूचे नांगर करावयाचे, ही कल्पना वरकरणी अचानक सुचलेली वाटते. परंतु ओतकाम ज्याने हाताने केले आहे त्यालाच तोफेत नांगर दिसू शकतो.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकणे योग्य होणार नाही. ज्या गावात घर, काम, दुकान आणि न्याय या सर्वांची सूत्रे एकाच माणसाच्या हाती असतात, तेथे कामगाराचे सुख त्या माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून राहते. लक्ष्मणरावांची पारख चांगली होती, म्हणून ती व्यवस्था चांगली ठरली. तीच सत्ता दुसऱ्या कोणाच्या हाती असती तर दाद कोणाकडे मागावयाची? पितृवत मालकाच्या छायेत कामगाराचा हक्क उगवतोच असे नाही. लक्ष्मणरावांनाही पारखेच्या मर्यादा उमगल्या असाव्यात, असे त्यांच्या व्यवहारावरून दिसते. हिशेब त्यांनी आपल्या मर्जीवर ठेवला नाही; तो रेग्यांसारख्या काटेकोर माणसाच्या हाती दिला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली आणि एका कुटुंबाच्या निर्णयांना भागधारक, ताळेबंद आणि संचालक मंडळ यांची चौकट आली. त्यानंतरच पंपांचे उत्पादन आणि पुढचा विस्तार झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले तेव्हा पुण्यात शंतनुरावांच्या नेतृत्वाखाली तेल-इंजिनांचा कारखानाही उभा राहिला होता. माळावरची पारख तेथवर एकटी पोहोचली नसती. पारखेने सुरू केलेले काम नियमांनी पुढे नेले.

आज मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे. जोगेश्वरीच्या गाळ्यांत मालक अनेकदा कामगारांच्या शेजारीच उभा राहून काम करीत आला; माणूस कसा आहे हे त्याला कागद न पाहता कळे. त्या पट्ट्यातील कित्येक कारखान्यांच्या जागी आता उंच कचेऱ्या आल्या आहेत. तेथे निर्णय घेणारा आणि काम करणारा यांच्यामध्ये मजल्यांचे, शहरांचे आणि कधी देशांचे अंतर पडते. या अंतरातून दोन रोग उद्भवतात. एकीकडे, ज्याला माणसे ठाऊक आहेत त्या मुख्य कारकुनाला, पर्यवेक्षकाला वा शाळेच्या मुख्याध्यापकाला परिपत्रकाबाहेर एक पाऊल टाकण्याची मुभा राहत नाही. अर्धवट शिकलेला एखादा फळणीकर त्याच्यासमोर उभा राहिला, तरी त्याला घेण्याचा अधिकार त्याच्यापाशी नसतो. दुसरीकडे, ज्याने ते काम कधी हाताळलेले नाही असा वरिष्ठ आपल्या लहरीला अंतःप्रेरणेचे नाव देतो. त्याचा अंदाज फसला तर नोकरी जाते ती खालच्या माणसाची. पहिल्या ठिकाणी ज्ञान आहे पण अधिकार नाही. दुसऱ्या ठिकाणी अधिकार आहे, पण ज्ञान नाही आणि जोखीमही नाही.

लक्ष्मणरावांच्या चरित्राने यावर काही कसोट्या दिल्या आहेत. निर्णय घेणाऱ्याने ते काम जवळून पाहिले आहे काय? अंदाज चुकल्यास पहिला तोटा त्याला स्वतःला सोसावा लागणार आहे काय? आणि चूक उघड झाली तर ती त्याला दाखवून देणारा एखादा हिशेबनीस, एखादी संघटना, एखादा नियम तेथे शाबूत आहे काय? तिन्ही प्रश्नांना होकार असेल तेथे प्रमुखाच्या उत्स्फूर्ततेला वाव द्यावा; किंबहुना तो न देणे हे संस्थेचे नुकसान आहे. एकाही प्रश्नाला नकार असेल, तर कर्मचाऱ्यांनी लेखी नियमाचा आग्रह धरावा आणि तो धरताना संकोच बाळगू नये.

पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांना नेतृत्वाचे गुण शिकविणारे वर्ग आता ठायी ठायी भरतात. धाडसाने आणि झटपट निर्णय घ्यावा, असे तेथे आवर्जून सांगितले जाते. त्या निर्णयाआधी फळ्यावर ओढलेल्या रेषांची, न खपलेल्या नांगरांची आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलेल्या कर्जाची गोष्टही त्यांना सांगितली पाहिजे.