सैरंध्रीला पडद्यावर आणणारे बाबूराव पेंटर

भगिनींनो, नाटक बसवायचे म्हटले की आपला निम्मा जीव भाषणे पाठ करण्यात जातो. भाषणेच काढून टाकली तर नाटकात काय उरेल? कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी याचे उत्तर करून दाखविले.

त्यांचे आडनाव मिस्त्री. जन्म ३ जून १८९० चा. नात्यातले बंधू आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत, म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. दोघांनी सिनेमाचा ध्यास घेतला; पण १९१६ साली आनंदराव वारले. बाबूराव खचले नाहीत. दामल्यांच्या मदतीने १९१८ साली त्यांनी स्वतःच कॅमेरा तयार केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचे पाठबळ दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

पहिल्या चित्रपटासाठी त्यांनी खाडिलकरांचे ‘कीचकवध’ निवडले. १९०७ च्या या नाटकात लोकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसे, म्हणून १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली होती. नाटकाचा सारा जोर भाषणांत, आणि चित्रपट तर मुका! मग डोळे, हात आणि चाल यांनीच बोलायचे. अधूनमधून पडद्यावर चार ओळी लिहून येत, तेवढाच शब्दांचा आधार. रंगविलेल्या पडद्यांऐवजी बाबूरावांनी खरेखुरे देखावे उभारले. नावही बदलून ‘सैरंध्री’ ठेवले. कीचक मागे गेला आणि द्रौपदी पुढे आली.

१९२० साली चित्रपट पुण्यात लागला. कीचकाचा वध इतका हुबेहूब वाटला की सरकारने तो भाग काढावयास लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमाकेसरी’ ही पदवी देऊन गौरविले.

त्या काळी रंगभूमीवर द्रौपदीचे लुगडे पुरुषच नेसत. बाबूरावांनी मात्र स्त्रियांची कामे स्त्रियांनाच दिली. गुलाबबाई कमलादेवी झाल्या, अनसूयाबाई सुशीलादेवी झाल्या. त्याबद्दल समाजाने दोघींना वाळीत टाकले. पडद्यावरील द्रौपदीच्या विटंबनेने हळहळणाऱ्या समाजाला या दोघींची विटंबना दिसली नाही.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले. कलामहर्षी म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. ते घेताना पैसा देणाऱ्या तानीबाई आणि बोल सोसणाऱ्या या दोघी, यांचीही नावे आपण आपल्या लेकीसुनांना सांगावीत.