पिशवीला टाका घालणारे डॉक्टर

मैत्रिणींनो, पिशवीला टाका घातलाय, हे शब्द आता आमच्या उंबरमाळीतही कुणाला नवे नाहीत. खर्डी असो की कसारा, एखादीला दिवस गेले आणि डॉक्टरांनी टाका सांगितला, की बायका लगेच समजून घेतात. पण या टाक्याला जगभर ज्यांचं नाव आहे, ते डॉक्टर आपल्या मुंबईतले होते, हे किती जणींना ठाऊक आहे?

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म १८९९ चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. (वि. स. खांडेकर शिक्षक होते ते शिरोडं वेगळं, सिंधुदुर्गातलं!) शाळा हुबळीला झाली. मग मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज. १९२३ मध्ये एम.बी.बी.एस. आणि १९२७ मध्ये बाळंतपण आणि स्त्रीरोग या विषयात एम.डी. पुढे विलायतेला जाऊन १९३१ मध्ये ते एफ.आर.सी.एस. झाले आणि मुंबईला परतून ग्रँट मेडिकलमध्येच शिकवू लागले.

त्यांच्यापुढे अशा बायका येत, ज्यांना दिवस राहत, पण चौथ्या ते सातव्या महिन्यात पोट रिकामं होई. एकदा नाही, पुन्हा पुन्हा! आपल्याकडे अशा बाईच्या वाट्याला काय येतं, ते मी वेगळं सांगायला नको. कुणी बाहेरची बाधा म्हणतं, कुणी भगताकडे नेतं, आणि सासरी दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू होते. दवाखान्यात तरी काय होतं तेव्हा? पडून राहा आणि हार्मोनची इंजेक्शनं घ्या. त्यानेही गुण येत नसे.

शिरोडकरांनी दोष नशिबात शोधला नाही, बाईतही नाही. त्यांनी पिशवीचं तोंड तपासलं. ते नऊ महिने घट्ट मिटलेलं राहायला हवं. काही जणींचं मात्र बाळाचा भार वाढला की फारशी कळ न येताच उघडतं. मग उपाय काय? पिशवीची नाडी आवळायची, परकराची आवळतो तशी! बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून त्यांनी ती पिशवीच्या तोंडाभोवती बांधली, तीही गर्भ पोटात असताना. केवढं धाडस ते! १९५५ मध्ये त्यांनी ही रीत छापून जगापुढे मांडली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅकडोनाल्ड यांनी त्याहून सोपा टाका सांगितला. आज दोन्ही रीती चालतात. पट्टीच्या जागी आता मजबूत धागा आला, एवढंच.

बाळंतपणानंतर अंग बाहेर येणं, हे दुखणं तर आपल्या डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बायकांच्या चांगल्या ओळखीचं. त्यावरही पिशवी न काढता ती वर बांधून घेण्याचं ऑपरेशन शिरोडकरांनी बसवलं. कुटुंबनियोजनाच्या कामातही ते पुढे होते. १९६० मध्ये पद्मभूषण, १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि १९७१ च्याच मार्चमध्ये ते गेले.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते. टाका हा सगळ्यावरचा इलाज नव्हे. पुन्हा पुन्हा गर्भ जाण्याची कारणं अनेक असतात. काहींच्या रक्तात शरीराची संरक्षण-यंत्रणाच चुकीच्या अँटीबॉडीज तयार करते, त्यामुळे गुठळ्या होतात आणि गर्भ टिकत नाही. तिथे टाक्याचा उपयोग नाही, रक्त पातळ ठेवणारी औषधं लागतात. म्हणून आधी कारण शोधायचं. शिरोडकरांनी केलं ते हेच.

तेव्हा कुणाचं असं झालं असेल तर मुकाट रडत बसू नका. कितव्या महिन्यात गेलं, कळा आल्या होत्या का, आधी पाणी गेलं की रक्त, हे सगळं डॉक्टरांना नीट सांगा. पुढच्या वेळी पाळी चुकली की लगेच आशाताईंना गाठा. कारण अशा बाईला टाका लागलाच, तर तो बहुतेक वेळा तिसरा महिना संपता संपता, बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात घालतात. पाचव्या महिन्यापर्यंत लाजून गप्प राहिलं, तर ती वेळ हातची निघून जाते.

आणि हो, शेजारणीचं असं झालं तर तिला पांढऱ्या पायाची म्हणू नका. तिच्यासोबत दवाखान्यात चला.